सतरावा बाईट

रॉकेलची शेगडी पेटवली, चहा ओतला, प्यायचा राहिला.
कुशिरोच्या बंदरावर धुक्याचा भोंगा
दर अर्ध्या मिनिटाला,
कुणी दाराबाहेरून विचारावं तसा: आहेस का?

र्योहेई, माझा भाचा, लॅपटॉपवर इम्युलेटर टाकून गेलाय.
"मावशी, तुझा गेम चालतो बघ यात."
चालतो.
तिसऱ्या पुलावर धुकं उतरलं की
पूल मधोमध नाहीसा होतो
आणि कोल्हा पडतो,
एकतीस वर्षांपूर्वी पडायचा तसाच,
शेपटी वर करून.

आठ हजार कार्ट्रिज गेली होती बाजारात.
चिपमध्ये भाजलेली चूक खोडता येत नाही.
पूल तोकितानं बांधला होता,
खापरही त्याच्याच डोक्यावर फुटलं.
नागासावासाहेब ओरडले नाहीत,
फक्त त्याची खुर्ची
खिडकीपासून जिन्याकडे सरकवली.
मार्चमध्ये तो गेला.
निरोपाला मी खेकड्याचा डबा दिला, चांगल्यापैकी महाग.

खेळाच्या मागे एक काळी खिडकी उघडते.
आत फक्त एक टोकदार कंस, लुकलुकणारा.
स्वतःहून तो काही बोलत नाही.
मी टाइप करते:
सी-शून्य-ए-चार या घरात
पुलाच्या फळ्यांचा आकडा राहतो.
तिथे कुणी काही लिहिलं
की जग थांबव.

जग म्हणजे केवढं,
एकशे साठ ठिपके रुंद, एकशे चव्वेचाळीस उंच.

कोल्हा निघाला. पहिला पूल. दुसरा.
तिसऱ्यावर धुकं.
थांबलं सगळं, कोल्ह्याचा एक पाय हवेत.

मी लगेच वाचलं नाही. चष्मा पुसला.
मच्छीमारांच्या संस्थेत हल्ली मी हिशेब बघते,
बेरीज जुळली नाही की
आधी दुसऱ्याची पावती तपासायची,
ही सवय जुनी.

लिहिणाऱ्याचा पत्ता: तीन-एफ-एक-दोन.
तिथे पूल नाही.
तिथे धुकं राहतं.
धुकं माझं होतं.

मागची स्थिती परत भरली. त्याच पत्त्याच्या दाराशी थांबले.
एस. एक पाऊल.
एस. आणखी एक.
धुक्याचे बाईट एकामागे एक जागेवर बसतात,
मऊ, करडे, शाळेच्या रांगेसारखे.
चौदा. पंधरा. सोळा.
झालं की.
रजिस्टर बी म्हणतं, अजून एक उरलाय.

त्या मोजणीत सोळा लिहायचे तर दहा लिहितात.
मी अकरा लिहिलं होतं.
मापात पाप म्हणतात,
पण ते करणाऱ्याला निदान ठाऊक असतं
चिमूट कुठे मारली.
माझा तर हात सैल सुटला होता, एवढंच.
सतरावा बाईट शेजारच्या घरात सांडला.
फळ्या: शून्य.

तोकिता नेमुरोला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
नंबर एका जुन्या नववर्षाच्या कार्डावर होता.
मागे रेडिओ, कुत्रं, लोखंडावर लोखंड.
मी सगळं सांगितलं, पत्त्यासकट,
अकरा आणि दहासकट.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "कोणता पूल?"

मग म्हणाला,
"तुमच्याकडेही भोंगा वाजतोय का?"
वाजतोय, म्हटलं.
"मग आज बोटी निघायच्या नाहीत," म्हणाला,
आणि कुणाला तरी पाना आणायला सांगितलं.

अकराचं दहा एका ओळीत होतं.
फक्त आजच्यापुरतं.
खिडकी मिटली की पुन्हा अकरा.
केलं तरी. सी दाबलं.
हवेतला पाय फळीवर आला,
धुकं पुलाच्या अलीकडेच थांबलं,
आणि कोल्हा पलीकडे पोचला.

पलीकडे तोकितानं एक बाकडं काढलं होतं.
त्याचा खेळाशी काही संबंध नाही, त्याला गुण नाहीत.
कोल्हा त्यावर चढून बसतो
आणि बटण दाबेपर्यंत उठत नाही.

मी अजून दाबलेलं नाही.